लहान उद्योगाचा दूरध्वनी : इंटरनेटवरील नवी व्यवस्था

(लघुउद्योजक, ग्रामपंचायतींचे कर्मचारी व शिक्षक यांच्यासाठी भरविलेल्या तालुका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात भांडवल, कच्चा माल, कर आणि बाजारपेठ या विषयांवर आपण बरेच काही ऐकले. माझ्याकडे सोपविलेला विषय त्या मानाने लहान वाटेल. तो आहे कचेरीतील दूरध्वनीचा. परंतु हल्ली गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येण्याआधी दूरध्वनीवर येते. तो कोणी उचलला नाही, तर ते तक्रार करीत बसत नाही. पुढच्या दुकानाचा क्रमांक लावते. जे गिऱ्हाईक आलेच नाही त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नसते. म्हणूनच हा तोटा वर्षानुवर्षे होत राहिला, तरी तो आपल्या ध्यानात येत नाही.

आज आपल्याकडील बहुसंख्य लहान धंदे मालकाच्या खिशातील मोबाइलवर चालतात. ही सोय मोठी आहे, याबद्दल वाद नाही. तथापि तिच्यात तीन उणिवा आहेत. एका वेळी एकाशीच बोलता येते. कोणाशी काय बोलणे झाले, हे दुसऱ्या कोणास कळत नाही. आणि तिसरी उणीव सर्वांत गंभीर अशी की, तो क्रमांक व्यक्तीचा असतो, धंद्याचा नसतो. विक्री पाहणारा कारकून नोकरी सोडून गेला की त्याच्या मोबाइलमधील गिऱ्हाइकेही त्याच्याबरोबर जातात. धंद्याचा क्रमांक धंद्याच्या मालकीचा असावा, आणि त्यावर आलेली हाक वाया जाऊ नये, या दोन गोष्टी साधण्यासाठी इंटरनेटवरील दूरध्वनी व्यवस्थेचा विचार करावयाचा आहे.

थोडा पूर्वेतिहास

भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्या काळी ऑपरेटर हाताने तारा जोडून देत असे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थांना १८९१ मध्ये स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळाले. हे गृहस्थ अभियंते नव्हते, तर अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक होते. आपल्यासाठी आलेली हाक ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, या संशयातून त्यांनी हा शोध लावला, असे सांगतात. म्हणजे माणसाच्या हाताशिवाय चालणारे केंद्र एका लहान व्यावसायिकाच्या अडचणीतून जन्मास आले.

आपल्याकडे १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांमध्ये पहिल्यांदा एसटीडीची सोय झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने बनविलेले १२८ लाइनींचे ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. राणी चेन्नम्मांचे हे गाव आपल्यापासून फार दूर नाही. वातानुकूलनावाचून खेड्यातील उष्ण व दमट हवेत चालेल असे केंद्र, हे त्याचे वैशिष्ट्य होते. यंत्र कितीही चांगले असले तरी आपल्या हवेत, आपल्या विजेवर ते टिकले पाहिजे, हा धडा कित्तूरने दिला. तो आजच्या विषयालाही तितकाच लागू आहे.

मोठ्या कचेऱ्यांतून पुढे ईपीएबीएक्स आले. बाहेरच्या थोड्या लाइनी आणि आत टेबलागणिक एक्स्टेन्शन, अशी ती रचना आपण पाहिली आहे. परंतु ते यंत्र, त्याच्या तारा आणि त्याची दुरुस्ती लहान दुकानदाराच्या आवाक्याबाहेर राहिली. इंटरनेटमुळे आता तेच काम यंत्राऐवजी संगणकाच्या प्रणालीकडून करून घेता येते. १९९५ मध्ये संगणकावरून संगणकाशी बोलण्याची प्रणाली विक्रीस आली. १९९९ मध्ये अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांनी ‘अ‍ॅस्टेरिस्क’ ही संपूर्ण ईपीएबीएक्सचे काम करणारी प्रणाली सर्वांस मोफत खुली केली. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली. पुढे २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या दूरध्वनीशी व मोबाइलशी जोडून देणारी सेवा देण्याचा मार्ग मोकळा झाला.

बोलणे इंटरनेटवरून कसे जाते

जुन्या पद्धतीत आपण बोलत असेपर्यंत दोन टोकांमधील एक वाट आपल्यासाठी राखून ठेवलेली असे. आपण गप्प बसलो तरी ती वाट अडलेलीच राही. इंटरनेटची रीत टपालासारखी आहे. आपल्या आवाजाचे दर सेकंदास ८,००० वेळा मोजमाप घेतले जाते. त्या मोजमापांचे अंक होतात. एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे अंक एका पाकिटात भरले जातात आणि पाकिटावर पत्ता घालून ते रवाना होते. अशी ५० पाकिटे दर सेकंदास जातात व तितकीच येतात. पलीकडे ती ओळीने लावून पुन्हा आवाज तयार होतो. एखादे पाकीट उशिरा पोहोचले तर ते टाकून द्यावे लागते, कारण बोलण्याचा ओघ पुढे गेलेला असतो. शब्द मध्येच तुटतो, तो यामुळे.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पाकिटांवरील पत्त्यांचा भार धरून एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदास सुमारे १०० किलोबिट पुरतात. पाच जण एकाच वेळी बोलत असले तरी अर्धा मेगाबिट झाला. म्हणजे अतिवेगवान आणि महागडे कनेक्शन घेण्याचे कारण नाही. वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. तोंडातून निघालेला शब्द सेकंदाच्या सातव्या हिश्श्याच्या आत पलीकडे पोहोचला, तर बोलणे सहज वाटते. त्याहून बराच उशीर होऊ लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. कचेरीत कोणी मोठी चित्रफीत पाठवीत असताना आवाज तुटत असेल, तर राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम देण्याची सोय असते, ती करून घ्यावी.

कोणत्या सोयी खरोखर कामाच्या

या व्यवस्थेचे विक्रेते सोयींची लांबलचक यादी पुढे करतात. तिला भुलू नये. एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, डिचोलीस काजूगर तयार करणारा एक लहान कारखाना आहे. कचेरीत दोघी जणी आहेत, गोदामात एक जण, मालक बहुधा बाहेर, आणि माल पोहोचविणारी एक गाडी आहे. पणजीचे दुकानदार, बेळगावचे व्यापारी आणि पर्यटक असे तिन्ही प्रकारचे लोक येथे दूरध्वनी करतात.

पहिली सोय म्हणजे एक क्रमांक आणि अनेक एक्स्टेन्शने. पाटीवर, पावतीवर, पुडक्यावर एकच क्रमांक छापावा. आत कचेरी, गोदाम आणि मालक यांना वेगवेगळी एक्स्टेन्शने द्यावीत. एक्स्टेन्शन म्हणजे टेबलावरचे यंत्रच असले पाहिजे असे नाही; मोबाइलमधील प्रणालीही एक्स्टेन्शनचे काम करते. त्यामुळे मालक मडगावला असोत की बेळगावला, पलीकडच्याला कारखान्याचाच क्रमांक दिसतो. स्त्री-कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. स्वतःचा खाजगी क्रमांक अनोळखी लोकांना देण्याची आणि रात्री-अपरात्री त्रास सोसण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. शिक्षक मित्रांनीही याचा विचार करावा. वर्गशिक्षिकेचा खाजगी क्रमांक शेकडो पालकांपाशी असण्यापेक्षा शाळेचा एक क्रमांक आणि तिचे एक एक्स्टेन्शन असणे, हे शिस्तीचे व सुखाचे आहे.

दुसरी सोय हाक फिरविण्याची. कचेरीत घंटा वाजली आणि १५ सेकंदांत कोणी उचलले नाही, तर ती गोदामात वाजावी. तेथेही नाही तर मालकांच्या मोबाइलवर. किंवा तिन्ही ठिकाणी एकदम वाजावी आणि जो मोकळा असेल त्याने घ्यावी. घाटातून जाणाऱ्या रस्त्यावर पुष्कळ ठिकाणी मोबाइलचा संपर्क तुटतो. अशा वेळी हाक आपोआप दुसऱ्याकडे गेली पाहिजे. माझ्या मते लहान धंद्याने एकच सोय घ्यावयाची असेल, तर ती ही घ्यावी.

तिसरी सोय स्वागताच्या ध्वनिमुद्रित संदेशाची. “मालाची मागणी नोंदविण्यासाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा,” हे आपण बँकांकडून ऐकतो आणि कंटाळतो. लहान धंद्याने दोन-तीन पर्यायांपलीकडे जाऊ नये, आणि प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याचा पर्याय सर्वांत आधी ठेवावा. आपल्याकडे कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड व इंग्रजी अशा अनेक भाषा बोलणारे गिऱ्हाईक आहे. पहिले वाक्य आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या भाषेत असावे. ते गावातीलच एखाद्या स्वच्छ आवाजाच्या व्यक्तीने बोललेले असावे. खेड्यातील वयस्क माणूस बटने दाबत बसत नाही. त्याने काहीच दाबले नाही, तर हाक आपोआप कचेरीत वाजेल अशी तजवीज असलीच पाहिजे.

चौथी सोय वेळापत्रकाची. दुपारच्या विश्रांतीत, रात्री, चतुर्थीच्या सुटीत कोणता संदेश ऐकू यावा आणि निरोप कोठे ठेवता यावा, हे आधी ठरवून देता येते. ठेवलेला निरोप ईमेलने आपल्याकडे येतो. मात्र ठेवलेल्या निरोपास दुसऱ्या दिवशी उत्तर गेले नाही, तर ही सोय नसलेली बरी.

पाचवी सोय नोंदवहीची. किती हाका आल्या, कोणत्या वेळी आल्या, किती सुटल्या, याचा तक्ता रोज आपोआप तयार होतो. सुटलेल्या हाकांची यादी दर संध्याकाळी पाहावी आणि प्रत्येकास उलट दूरध्वनी करावा. ग्रामपंचायतीच्या कचेरीलाही ही नोंदवही उपयोगी पडेल. पाण्याविषयीच्या तक्रारी कोणत्या वाड्यावरून अधिक येतात, हे त्यावरून कळेल.

संभाषण ध्वनिमुद्रित करण्याची सोयही असते. मागणीविषयी वाद झाला तर ती कामास येते. पण ध्वनिमुद्रण होत असल्याचे बोलणाऱ्यास आरंभीच सांगावे, आणि ते जरुरीपेक्षा अधिक काळ साठवू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे सूत्रही हेच आहे की, कोणाची माहिती घ्यावयाची तर कशासाठी ते सांगून घ्यावी आणि तेवढ्यापुरतीच वापरावी. परिषद-संभाषण, संगणकाशी जोडणी वगैरे इतर सोयी गरज निर्माण होईल तेव्हा घेता येतात.

किती लाइनी लागतील?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुधा अंदाजानेच त्याचे उत्तर देतो. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९०९ पासून या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्यांच्या सूत्राने आपल्या काजू कारखान्याचा हिशेब करून पाहू.

समजा, चतुर्थीपूर्वीच्या गर्दीच्या तासात ३० हाका येतात आणि प्रत्येक बोलणे सरासरी ३ मिनिटे चालते. एकूण ९० मिनिटांचे बोलणे झाले. म्हणजे सरासरीने दीड लाइन सतत गुंतलेली. साधा माणूस म्हणेल की दोन लाइनी पुरेत. परंतु हाका रांगेने येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी दहा मिनिटे एकही येत नाही. सूत्राप्रमाणे दोन लाइनी असतील तर दर १०० हाकांपैकी सुमारे ३१ जणांना लाइन गुंतलेली आढळेल. तीन असतील तर सुमारे १३, चार असतील तर ५, आणि पाच असतील तर एक किंवा दोन. जे व्यापारी एका मोबाइलवर ही गर्दी निभावून नेऊ पाहतात, त्यांची अवस्था यावरून कळेल.

जुन्या पद्धतीत पाच लाइनींसाठी तारेच्या पाच जोड्या ओढाव्या लागत. इंटरनेटच्या व्यवस्थेत एकाच कनेक्शनवरून पाच संभाषणे चालतात, आणि हंगामापुरती संख्या वाढवून नंतर कमी करता येते. मात्र लाइनी वाढल्या म्हणून बोलणारी माणसे वाढत नाहीत. उरलेल्यांना “दोन मिनिटांत बोलतो” असे सांगून रांगेत थांबविता येते, इतकाच दिलासा मिळतो. म्हणून गर्दीच्या तासापुरता गोदामातील माणूसही दूरध्वनीवर बसवावा.

वीज, पाऊस आणि गडगडाट

आता कित्तूरचा धडा आठवू या. जुन्या दूरध्वनीला केंद्रातील बॅटरीमधून तारेनेच वीज मिळत असे. म्हणून घरातील दिवे गेले तरी तो वाजत असे. इंटरनेटवरील दूरध्वनीचे तसे नाही. वीज गेली की फायबरची पेटी, राउटर आणि टेबलावरचे यंत्र ही तिन्ही बंद पडतात. यास्तव या यंत्रांना स्वतंत्र लहान यूपीएस अथवा इन्व्हर्टरची जोड द्यावी. त्यावर पंखे व छपाईयंत्र लावू नये. इंटरनेट किंवा वीज बंद पडल्यास सर्व हाका मोबाइलवर वळतील, अशी व्यवस्था सेवा देणाऱ्या कंपनीकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावी आणि मोडेमची तार मुद्दाम काढून ती प्रत्यक्ष चालते काय, हे तपासून पाहावे.

पावसाळ्याच्या तोंडी आणि परतीच्या पावसात आपल्या भागात विजांचा कडकडाट होतो. तांब्याच्या तारेतून विजेचा झटका यंत्रात शिरतो. फायबर काचेची असल्याने तिच्यातून तो येत नाही. पण त्याच पेटीला विजेचा पुरवठा करणाऱ्या तारेतून येतो. म्हणून इमारतीचे अर्थिंग नीट आहे की नाही, हे जाणत्या वायरमनकडून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. कचेरी आणि गोदाम वेगळ्या इमारतींत असतील, तर मधली जोडणी तांब्याच्या तारेने न करता फायबरने करावी.

आणीबाणीच्या प्रसंगी, आग लागली वा अपघात झाला तर, ११२ क्रमांक साध्या मोबाइलवरून लावावा. इंटरनेटवरील एक्स्टेन्शन कोठूनही चालत असल्यामुळे त्यावरून आपले नेमके ठिकाण कळेलच, याची खात्री नसते.

कायदा आणि सावधगिरी

सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. परदेशातून येणाऱ्या हाका इंटरनेटवरून चोरून आणून स्थानिक सिमकार्डांवरून सोडणे हा गुन्हा आहे. “तुमच्या दुकानात एक पेटी ठेवा, दरमहा भाडे देतो,” असे कोणी सांगू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे आणि पोलिसांस कळवावे. जाहिरातीच्या हाका नोंदणी केल्याशिवाय साध्या क्रमांकावरून करू नयेत. तसे केल्यास कनेक्शन तोडले जाऊ शकते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक एक्स्टेन्शनला एक संकेतशब्द असतो. तो ‘१२३४’ असा सोपा ठेवला, तर दूर कोठेतरी बसलेला भामटा संगणकाच्या साहाय्याने तो ओळखतो आणि रात्रीतून आपल्या खात्यावर महागड्या परदेशी क्रमांकांना हाका करतो. सकाळी बिल आपल्या नावे येते. त्यावर उपाय सोपे आहेत. यंत्राबरोबर आलेला संकेतशब्द त्याच दिवशी बदलावा. परदेशी हाकांची गरज नसेल तर ती सोय बंद ठेवावी. दिवसाच्या खर्चास मर्यादा घालून घ्यावी. नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीचे एक्स्टेन्शन त्याच दिवशी रद्द करावे. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

आरंभ कसा करावा

आपणांस माझी विनंती अशी की, कोणत्याही विक्रेत्यास बोलाविण्यापूर्वी एक आठवडाभर साधी वही घालावी. आलेली प्रत्येक हाक, तिची वेळ, कोणी घेतली, किती मिनिटे चालली, आणि सुटली असल्यास का सुटली, एवढेच लिहावे. त्या वहीवरून गर्दीचा तास कळेल, किती लाइनी हव्यात ते कळेल, आणि कोणत्या सोयींवर खर्च करणे योग्य तेही कळेल. दोन-तीन माणसांच्या धंद्याने स्वतःचे यंत्र विकत घेण्याऐवजी कंपनीच्या संगणकावर चालणारी, माणशी मासिक भाड्याची सेवा घेणे सोयीचे ठरते. करार करताना तीन प्रश्न लेखी विचारावेत. क्रमांक कोणाच्या नावावर राहील? सेवा सोडल्यास तो क्रमांक आपल्याकडे राहील काय? बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्ती होईल? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर स्पष्ट नसेल, तर पुढे जाऊ नये. पाटीवर रंगविलेला आणि दहा वर्षे लोकांच्या तोंडी बसलेला क्रमांक म्हणजे धंद्याची पतच होय. ती दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

शेवटी, यंत्र हाक पोहोचविण्याचे काम करते. उत्तर देण्याचे काम माणसाचेच आहे. दूरध्वनी उचलल्यावर आधी दुकानाचे नाव सांगणे, नंतर आपले नाव सांगणे, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे आणि दिलेला शब्द पाळणे, या गोष्टी कोणत्याही प्रणालीत विकत मिळत नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनी आठवी-नववीच्या मुलांना दूरध्वनीवर कसे बोलावे याचा एखादा तास दिला, तर पुढे ज्या कचेरीत वा दुकानात ती मुले जातील तेथे त्याचे चीज होईल.

कोणाला आपल्या धंद्याच्या हाकांचा हिशेब मांडून पाहावयाचा असेल, त्यांनी आठवड्याची वही घेऊन आमच्या कचेरीत अवश्य यावे.